भाकरीसाठी आलेले

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती माणसाला चिडवायला फारशी बुद्धी खर्च करावी लागत नाही. 'भाकरीचे ख्रिस्ती' हे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत, आणि ते उच्चारणाऱ्यालाही आपण काही विशेष वाईट बोललो असे बहुतेक वेळा वाटत नाही. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा पाचवीत होतो. गोट्यांच्या डावात मी हार कबूल करीना, तेव्हा समोरच्या मुलाने, जो एरवी माझा मित्रच होता, हा हुकमाचा पत्ता बाहेर काढला. मी डाव तसाच टाकून घरी आलो. आजी ओसरीवर सूप घेऊन ज्वारी निवडत बसली होती. आपल्याला असे का म्हणतात, असे मी तिला विचारले. ती चिडेल, त्या मुलाच्या आईकडे जाईल, निदान त्याला दोन शिव्या तरी हासडेल, अशी माझी अपेक्षा होती. तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "खरंच आहे ते. भाकरीसाठीच आलो आपण. मग?"

त्या 'मग?'ची मला इतकी लाज वाटली की पुढे कित्येक वर्षे मी हा विषय तिच्यासमोर काढला नाही.

गोष्ट तिला तिच्या आजेसासूने स्वतः सांगितलेली होती, त्यामुळे तिच्या दृष्टीने ती ऐकीव नव्हती, पाहिल्यासारखीच होती. आमचे घराणे गावकुसाबाहेरचे. १८९६-९७चा दुष्काळ कसाबसा सरला, मागोमाग प्लेग आला आणि त्यातून मान वर काढावी तोच १८९९चा पाऊस गेला. आजेसासूबाईंचा नवरा त्या वर्षी वारला होता. पदरात दोन मुले होती. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडून मिळणाऱ्या मजुरीत तिघांचे पोट भरेना, तेव्हा कोणीतरी सांगितले की मिशनच्या आवारात धान्य मोजून देतात. ती गेली. त्यांनी दिले. धाकटे मूल तरीही गेले. मोठा मुलगा जगला, तो माझा पणजोबा. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि त्यानंतर केव्हातरी तिचा व मुलाचा बाप्तिस्मा झाला. गोष्ट इतकीच आहे. तिच्यात दर्शन नाही, स्वप्न नाही, आकाशवाणी नाही, तत्त्वचिंतन तर नाहीच नाही.

अशा गोष्टीवर कोणाचा अभिमान उभा राहणार? म्हणून आम्ही मुलांनी दुसरी सोय करून ठेवली होती. कोणी भाकरीचा टोमणा मारला की आम्ही तीन नावे पुढे करीत असू: बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक. शिकलेली, विचारी, वरच्या जातींतली माणसे. त्यांना काय भाकर कमी होती? त्यातही टिळक म्हणजे तर आमच्या नगरचेच. चित्पावन ब्राह्मण, कवी, आगगाडीत एका परक्या माणसाने हाती दिलेला नवा करार वाचून ज्यांच्या मनाने पेट घेतला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी ज्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला ते टिळक. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. यात भाकर कुठे आहे ते दाखवा, असा आमचा सवाल असे, आणि तो बहुधा चालून जाई. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या, अनेक दिवाणखान्यांत त्यांची तसबीर असते. खडी फोडणाऱ्या बाईची तसबीर कोणाच्याच घरात नसते. तिचा फोटो काढणार कोण, हे खरे. पण असता तरी आम्ही तो भिंतीवर लावला असता का, याची मला शंका आहे. टिळकांचे नाव हे आम्हाला एखाद्या दाखल्यासारखे होते, आणि त्या दाखल्यावर जात कोणती लिहिली होती हे आम्ही स्वतःशीही बोलत नव्हतो.

माझा देवावरचा विश्वास नेमका कोणत्या दिवशी गेला हे मला सांगता येणार नाही, कारण तो होता की नाही हेच मला ठाऊक नाही. वडील शाळामास्तर होते आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवीत. सकाळी प्रार्थना, रात्री प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना, यांतून मूल जसे वाढते तसा मी वाढलो. सोळाव्या वर्षी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर मंडळीचा पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या, वर्गाला बसायला मी नकार दिला, तेव्हा घरात पहिले भांडण झाले. १९९२ साली बी. एस्सी.साठी पुण्याला गेलो आणि तिथे मला माझी माणसे भेटली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली होती, आणि त्या काळी आमच्यासारख्या मुलांना तिचे कार्यक्रम म्हणजे मेजवानी वाटे. जिभेवर कापूर पेटवणे, हवेतून भस्म काढणे, आणि नंतर शांतपणे ते कसे केले हे समजावून सांगणे. मी मागच्या रांगेत बसून वह्या भरीत असे. प्रश्न विचारायचा असतो, आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायचे असते, हे मी तिथे शिकलो. त्यांतले दुसरे शिक्षण मी लवकरच विसरलो, हा दोष माझा.

सुट्टीत घरी आलो की जेवताना वडिलांशी वाद घालायचा, हा माझा नेम झाला होता. माझा मुख्य मुद्दा तसा आजही साधा नाही. पाऊस अडवणारा देव आणि धान्य वाटणारा देव एकच असेल, तर हा कसला सौदा? आधी उपाशी मारायचे आणि मग पळीभर धान्याच्या बदल्यात गुडघे टेकवायला लावायचे, याला प्रेम म्हणायचे की सावकारी? वडील ऐकून घेत. एके रात्री मी त्यांच्याच शस्त्राने त्यांना मारले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात लोकसमुदाय येशूला शोधत पैलतीरी येतो, तेव्हा तो त्यांना तोंडावर सांगतो की, तुम्ही चिन्हे पाहिलीत म्हणून नव्हे, तर भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता. मी म्हणालो, "बघा, तुमच्या येशूलाच भाकरीचे ख्रिस्ती आवडत नव्हते." आईने ताटातला हात थांबवला. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि मग वर्गात बोलावे तशा आवाजात म्हणाले, "वचन बरोबर सांगितलंस. आता त्याच्या आधीचं वाच." मी वाचले नाही. वाद जिंकल्यावर पुस्तक कोण उघडतो?

एक गोष्ट मात्र त्यांनी त्या दिवसांत सांगितली होती, ती माझ्या डोक्यात अडकून राहिली, कारण ती धर्माची नसून कायद्याची होती. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे धर्म बदलल्याने जात सुटली नाही, गावाने सोडली नाही, मंडळीनेही प्रत्येक वेळी सोडली असे म्हणवत नाही, पण जातीमुळे मिळणारा आधार तेवढा सुटला. वडील म्हणाले, "आलो भाकरीसाठी हे खरं. पण राहिलो ते भाकर गमावून. याचा हिशोब तुझ्या पुस्तकात कुठं बसतो ते बघ." मी म्हणालो, यालाच सवयीची गुलामी म्हणतात. मला तेव्हा प्रत्येक गोष्टीला नाव देता येत असे.

इथे दारूचा मजकूर येतो, आणि तो लिहिण्याआधी एक खुलासा करणे भाग आहे. आमच्या मंडळ्यांत साक्ष देण्याची पद्धत आहे. मनुष्य उभा राहतो आणि सांगतो की मी नास्तिक होतो, म्हणून दारुडा झालो, मग प्रकाश दिसला आणि दारू सुटली. अशा साक्षी मी शेकड्यांनी ऐकल्या आहेत आणि त्यांतल्या 'म्हणून'वर माझा विश्वास नाही. माझे पुण्यातले नास्तिक मित्र सुपारीसुद्धा खात नव्हते. दाभोलकर तर साताऱ्यात व्यसनमुक्तीचे काम करीत होते. उलट दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारे आणि रात्री गटारीत सापडणारे दोन गृहस्थ मी लहानपणापासून पाहिले होते. मी प्यालो याचे कारण देव नव्हता हे नाही. पहिल्या दिवशी मजा वाटली म्हणून प्यालो, नंतर झोप येत नाही म्हणून प्यालो, आणि मग कारण लागेनासे झाले.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी गेली, दुसरी मिळाली, तीही गेली. १९९९ मध्ये मी नगरला परत आलो, म्हणजे आणला गेलो. २००१ मध्ये वडील वारले. त्यांच्या मातीला मी शुद्धीत नव्हतो. कबरस्तानात मला दोघांनी धरून उभे केले होते असे म्हणतात. मला फक्त कोणीतरी सारखे माझ्या पायात चप्पल घालत होते एवढे आठवते. आजी त्यानंतर सहा महिन्यांनी गेली. घरात आई आणि मी उरलो.

आमच्याकडे सुगीनंतर वर्षाची ज्वारी भरून ठेवायची पद्धत आहे. वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा काही भाग आता आईला मिळत होता, त्यातून तिने पैसे बाजूला काढून पन्नास किलोचे एक पोते आणले होते. ते पोते मी विकले. ती बाहेर गेली असताना हातगाडीवाल्याला बोलावून, तोलमोल न करता, पडेल त्या भावात विकले. हिप्पोचा संत ऑगस्टीन सोळा वर्षांचा असताना मित्रांबरोबर शेजाऱ्याच्या बागेतले नासपती चोरायला गेला होता, आणि पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्याने या क्षुल्लक चोरीवर पाने खर्ची घातली आहेत. त्याला सर्वांत जास्त टोचते ते हे की त्याला भूक नव्हती. फळे त्याने डुकरांपुढे टाकली. अनेक विद्वानांना या पश्चात्तापाचे हसू येते. मला येत नाही. भूक असताना चोरलेले माणसाला विसरता येते, कारण पोट साक्षीला उभे राहते. भूक नसताना विकलेल्या ज्वारीला साक्षीदार नसतो.

तीन दिवसांनी, रात्री अकराच्या सुमारास मी घरी आलो. तीन दिवसांत काय केले त्याचा तपशील मला नाही. दार वाजवले तर ते उघडले जाईल याची मला खात्री नव्हती, आणि खरे सांगायचे तर मी माफी मागायलाही आलो नव्हतो. मला भूक लागली होती. आईने दार उघडले. तिने काही विचारले नाही, पोत्याचे नाव काढले नाही. ती आत गेली, शेजारच्या घरातून उसने पीठ घेऊन आली, स्टोव्ह पेटवला आणि भाकरी थापू लागली. घराच्या शांततेत भाकरी थापल्याचा तो आवाज येत राहिला. मी भिंतीला टेकून बसलो होतो. तव्यावरून उतरलेली पहिली भाकर तिने ताटात वाढली, बाजूला तिखट आणि कांदा ठेवला, आणि मी खाल्ली. त्या रात्री मला कोणताही साक्षात्कार झाला नाही हे मी मुद्दाम नोंदवतो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा प्यालो.

दारू थांबली ती २००४ मध्ये, आणि तिचे श्रेय मी आधी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसला देतो, मग दुसऱ्या कोणाला. ही मंडळी १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झाली, तिचा कोणत्याही धर्माशी करार नाही आणि ज्याला पिणे थांबवायचे आहे त्याच्याकडे ती दुसरे काही मागत नाही. आमच्याकडची सभा एका देवळाच्या मागच्या खोलीत, म्हणजे आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतो त्या अर्थाच्या देवळाच्या खोलीत भरत असे. जागा स्वस्त होती, एवढेच कारण. पहिल्याच दिवशी त्यांच्या बारा पायऱ्यांचा तक्ता वाचला आणि दुसऱ्याच पायरीवर आपल्यापेक्षा थोर शक्तीचा उल्लेख पाहून मी उठून निघालो. दाराशी चहाचे पिंप घेऊन बसलेले एक वयस्क गृहस्थ होते, एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक. ते म्हणाले, "देव नको असेल तर राहू द्या. चहा घ्या की. खारी पण आहे." मी चहा घेतला, चार खाऱ्या खाल्ल्या. पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो. हा माझ्या धर्मांतराचा, जर त्याला तसे म्हणायचे असेल तर, सर्वांत प्रामाणिक वृत्तान्त आहे. मी चहासाठी गेलो.

न पिता काढलेल्या पहिल्या वर्षात रात्री फार मोठ्या असतात. घरात वाचायला वडिलांची पुस्तके होती. एका रात्री लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट उघडली, जी मला पाठ होती आणि जिचा मला कंटाळा होता. लहानपणापासून हजारदा ऐकलेल्या त्या गोष्टीत एक गोष्ट मला कधी दिसली नव्हती. धाकटा मुलगा बापाच्या आठवणीने परत येत नाही. त्याला पश्चात्तापही आधी होत नाही. तो डुकरे चारत असतो, डुकरांच्या शेंगांनी पोट भरावे असे त्याला वाटू लागते, आणि मग तो, आपल्या मराठी शास्त्रात लिहिले आहे तसे, शुद्धीवर येतो. दारुड्याला हा शब्द वाचून काय होते ते दारुड्यालाच कळेल. आणि शुद्धीवर आल्यावर त्याच्या मनात पहिला विचार कोणता येतो? माझ्या बापाच्या मोलकऱ्यांनाही भाकरीची रेलचेल आहे, आणि मी इथे भुकेने मरतो आहे. भाकर. तो भाकरीसाठी उठतो. वाटेत तो एक भाषण जुळवतो: मी पाप केले आहे, मला मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. ते भाषण खरे आहे की पोटाने सुचवलेले आहे, हे कोणी सांगावे? बाप ते तपासत बसत नाही. मुलगा दूर असतानाच तो धावतो, आणि भाषणातले मोलकरी होण्याचे वाक्य येण्याआधीच चाकरांना झगा आणि अंगठी आणायला सांगतो.

मग मला वडिलांचे राहून गेलेले वाचन आठवले. योहानाचा सहावा अध्याय काढला आणि मी फेकून मारलेल्या वचनाच्या आधीचे वाचले. त्यात असे आहे की येशूने डोळे वर करून लोकसमुदाय येताना पाहिला, आणि कोणाला काही विचारण्याआधी, कोणी काही मागण्याआधी, आपण यांच्यासाठी भाकरी कुठून विकत आणाव्यात असे फिलिप्पाला विचारले. एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. जवाच्या, म्हणजे गरिबांच्या. आपल्याकडे नाचणीच्या म्हटले तर जसे वाटेल तशा. पाच हजार पुरुष गवतावर बसले आणि पोटभर जेवले. त्यांतले कोण विश्वास ठेवणारे आणि कोण नुसते भुकेले, याची नोंद कोणी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीचे ते खडे बोल आहेत, ते खरेच आहेत, मी त्यांना मऊ करू इच्छित नाही. पण ते जेवून तृप्त झालेल्या माणसांना सांगितलेले बोल आहेत. उपाशी माणसाला त्याने तसे काही म्हटल्याचे मला त्या अध्यायात सापडले नाही. वडिलांना हे ठाऊक होते, आणि मुलगा वाचील तेव्हा वाचील म्हणून ते थांबले होते. त्यांच्या हयातीत मी वाचले नाही, ही गोष्ट मला आजही सोसत नाही.

त्याच सुमारास, आमचा जुना दाखला नीट तपासून पाहावा असे मनात आले आणि मी पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे वळलो. रमाबाई, ज्यांना आम्ही 'भाकर कमी नसलेल्यां'च्या यादीत निर्धास्तपणे घालत आलो होतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही तिघे १८७०च्या दशकातल्या दक्षिणेतल्या दुष्काळात अन्नान्न करून गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटले ती मुलगी भुकेतून चालत आली होती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो भाकरीसाठी नव्हता हे खरे. पण १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले, तेव्हा त्या मुलींकडे पाहताना त्यांना कोण दिसत असेल, हे सांगायला चरित्रकाराची गरज नाही. आमचा दाखला असा आमच्याच हातात फाटला. मला त्याचे दुःख झाले नाही.

या सगळ्यानंतर मी कोरा करकरीत विश्वासू झालो असे नाही. पाऊस अडवणाऱ्या देवाचा माझा प्रश्न तसाच उभा आहे. दुष्काळ पडला तेव्हा धान्य देशात नव्हते असे नाही, ते गरिबाच्या हाती पोहोचत नव्हते, एवढे मला आता कळते, आणि त्यामुळे प्रश्नाचा बराच मोठा भाग देवाकडून माणसांकडे येतो. पण सगळा येत नाही. आजेसासूबाईंचे धाकटे मूल का गेले, याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याजवळ मी फार वेळ बसत नाही. चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या, सभा मला आजही सहन होत नाहीत. व्यासपीठावरून कुबड्या फेकायला लावणाऱ्या माणसाला पाहिले की माझ्यातला पुण्याच्या मागच्या रांगेतला विद्यार्थी वही काढून बसतो, आणि मी त्याला बसू देतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, तेव्हा मी मंडळीच्या पंचकमिटीत होतो. त्या रविवारी मी पाळकसाहेबांना त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. साहेब क्षणभर थबकले, मग म्हणाले, "त्यांना चालेल का?" मी म्हणालो, "त्यांना नाही चालणार, पण आपल्याला गरज आहे." त्यांनी केली.

दृढीकरण मी २००८ मध्ये घेतले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. आमच्या पंथात ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे असते. बिशपसाहेबांसमोर गुडघे टेकणाऱ्या रांगेत माझ्या पुढे आणि मागे मिसरूड न फुटलेली मुले आणि वेण्यांना पांढऱ्या फिती बांधलेल्या मुली होत्या, आणि मध्ये मी, टक्कल पडू लागलेला. मागच्या बाकांवरून कोणीतरी हसलेही. खरी भीती मला त्याची नव्हती, नंतरच्या प्रभुभोजनाची होती. प्याला. द्राक्षारसाच्या एका घोटाने मी किती वर्षे मागे जाऊ शकतो हे मला ठाऊक होते, आणि तेवढ्या कारणाने मी आदल्या रात्री सगळे रद्द करण्याच्या बेतात होतो. पाळकबाईंना कोणीतरी हे सांगितले असावे. त्या सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आपल्याकडे मनुका उकळून रस करतात. मीच केलाय काल. साखर जरा जास्त झालीय." तळहातावर भाकरीचा चौकोनी तुकडा पडला, म्हणजे बेकरीच्या पावाचा तो तुकडा, पण शास्त्रात तिला भाकरच म्हटले आहे आणि मीही तसेच म्हणतो. माझा हात थरथरत होता. तसा तो आजही थरथरतो, ते दारूचे उरलेले देणे आहे.

आजेसासूबाईंच्या गोष्टीतला एक प्रश्न मी अगदी अलीकडे स्वतःला विचारला, आणि इतकी वर्षे तो न सुचल्याचे मला नवल वाटते. तिने धान्य घेतले ते दुष्काळात. बाप्तिस्मा घेतला तो पाऊस झाल्यावर. शेतात पुन्हा काम होते, खडी फोडण्याची गरज संपली होती, मिशनच्या दारात उभे राहायचे कारण उरले नव्हते. टोमणा मारणारे आणि टोमण्याला उत्तर देणारे आम्ही, दोघेही गोष्ट धान्यापाशी थांबवत आलो. ती मात्र पाऊस पडल्यावरही परत गेली नाही. का, हे तिने आजीला सांगितले होते की नाही, मला माहीत नाही. आजी असताना मी विचारले नाही, आणि आता विचारायला कोणी नाही. १९७२च्या दुष्काळात परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामांवरची सुकडी साऱ्या जिल्ह्याने खाल्ली, त्यावरून कोणी धर्म बदलला नाही की देश. म्हणजे पोट भरले की माणूस आपोआप देणाऱ्याचा होत नाही. मी स्वतः मंगळवारच्या सभेला चहासाठी गेलो आणि चहाची गरज संपल्यावरही बसून राहिलो, हे मला माझ्याविषयी सांगता येते. त्याचे कारण मात्र अजून कोणाला धड सांगता आलेले नाही.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात, लाइट गेलेले असताना आम्ही दोघे ओसरीवर बसलो होतो, तेव्हा मी तिला त्या रात्रीबद्दल विचारले. पोते विकून तीन दिवसांनी मी आलो, तेव्हा तू मला काहीच का बोलली नाहीस? ती बराच वेळ आठवत राहिली. अशा पुष्कळ रात्री होत्या, त्यांतली कोणती ते तिला नेमके सांगता येईना. मी शेजारच्या उसन्या पिठाची खूण सांगितली तेव्हा तिला आठवले.

"हां, ती," ती म्हणाली. "पीठ फार थोडं होतं रे. दोनच झाल्या. दुसरी जरा पातळच थापली मी."